तिसऱ्या खंडाचा शेवट: तरुण वाचकांसाठीची ऐतिहासिक फँटसी प्रेमकथा कशी मिटवावी

दोन खंड लिहून झालेत. किल्ल्याला वेढा पडलाय, नायिकेच्या हाती जादूची वस्तू आहे, नायक पलीकडच्या छावणीत आहे आणि तुम्ही तिसऱ्या खंडाच्या मध्यावर येऊन अडकलात. त्रयी लिहिणारे बरेच जण इथेच अडकतात, कारण या प्रकारच्या कादंबरीला तीन शेवट लागतात. इतिहासाचा शेवट वाचकाला आधीच ठाऊक असतो. जादूचाही शेवट करावा लागतो, कारण आजच्या जगात ती जादू नाही आणि ती गेली कुठे हे वाचक विचारणारच. तिसरा प्रेमाचा. वाचक खरं तर त्याच्यासाठीच दोन खंड तग धरून राहिलेला असतो.

हे तिन्ही वेगवेगळ्या प्रकरणांत एकेक करून उरकले, की पुस्तक तीनदा संपल्यासारखं वाटतं आणि धड एकदाही संपत नाही. या लेखात मी एकच गोष्ट लावून धरणार आहे: तिन्ही शेवट एकाच कृतीत यावेत, आणि ती कृती नायक किंवा नायिकेने किंमत माहीत असताना स्वतः निवडलेली असावी.

नुसतं तत्त्व सांगून भागत नाही, म्हणून एक नमुना कथा हाताशी घेऊ. काळ १७३७ ते १७३९, स्थळ वसई. चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध केलेली मोहीम ही आपली पार्श्वभूमी. रोझा, वय १७, कोटातल्या एका चर्चच्या घंटावाल्याची मुलगी. म्हादू, वय १९, मराठ्यांच्या सुरुंगवाल्यांच्या टोळीतला बेलदार. ही दोघं काल्पनिक. जादू एका घंटेत आहे: तिच्यावर तळहात ठेवून ज्याचं नाव घ्याल त्याला तुमचा आवाज ऐकू जातो, तो कितीही लांब असो. बदल्यात तुमची एक आठवण जाते. कोणती जाणार, हे घंटा ठरवते.

पायरी पहिली: आधीचे खंड पेन्सिल घेऊन वाचा

एकही ओळ न सुधारता दोन्ही खंड सलग वाचा आणि वाचकाला दिलेला प्रत्येक शब्द वहीत उतरवा. किराणा दुकानदाराची उधारीची वही असते तशीच ही, कोणाचं किती देणं राहिलंय ते सांगणारी. त्यात तीन प्रकारच्या नोंदी होतील. पहिले उघड प्रश्न: रोझाच्या आईचं काय झालं? दुसऱ्या वस्तू: म्हादूने तिला दिलेला चकमकीचा दगड कुठे आहे? तिसरा प्रकार लेखक हमखास विसरतात, तो म्हणजे पात्रांची वाक्यं. पहिल्या खंडात घंटावाला बाप म्हणून गेलाय, “घंटा उतरवायची वेळ आली तर दोर मी कापीन, दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही.” तुम्ही हे वाक्य वातावरणासाठी लिहिलं असेल. वाचकाने ते वचन म्हणून ऐकलंय. तिसऱ्या खंडात दोर कोणी तिसऱ्यानेच कापला, तर वाचकाला कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी चुकल्यासारखं वाटेल.

प्रत्येक नोंदीपुढे एकच शब्द लिहा: फेडायचं, फेडलं, किंवा सोडलं. ‘सोडलं’ हे जाणूनबुजून असावं. दोन-तीन धागे मोकळे राहिले तर जग मोठं वाटतं, पंधरा राहिले तर लेखक दमला असं वाटतं.

आधीचे खंड अजून छापले नसतील तर तुम्ही नशीबवान आहात. शेवटाला जे लागणार आहे ते मागे जाऊन पेरता येतं. छापून झाले असतील तर जे आहे त्यातूनच शेवट काढावा लागेल, आणि माझ्या मते तो बहुधा जास्त चांगला निघतो. हाताशी नवं काही घेता येत नाही, मग जुन्याकडे नीट बघावं लागतं.

पायरी दुसरी: इतिहास कुठे थांबवायचा ते ठरवा

ऐतिहासिक कादंबरीत शेवटाची तारीख निवडणं म्हणजे निम्मा शेवट ठरवणं. आपल्या नमुन्यात काय काय हाताशी आहे, बघा. मार्च १७३७ मध्ये मराठे साष्टीत उतरले आणि ठाण्याचा कोट पडला. वसईचा कोट मात्र झुंजत राहिला. १७३९ च्या सुरुवातीला तारापूर घेतलं गेलं, त्यात मराठा सरदार बाजी भिवराव रेटरेकर पडले. मग वसईला शेवटचा वेढा. तीन बाजूंनी पाणी असलेल्या या कोटावर जमिनीच्या, म्हणजे उत्तरेच्या अंगाने हल्ला झाला, आणि सेंट सेबेस्टियन बुरुजाखाली सुरुंग लावले गेले. काही सुरुंग वेळेवर पेटलेच नाहीत. भिंतीला खिंडार पडलं म्हणून माणसं पुढे धावली आणि मागे राहिलेली दारू त्यांच्याच अंगाखाली उडाली. अखेर १६ मे १७३९ ला कोटाने शरणागती पत्करली आणि २३ मेला पोर्तुगीज बाहेर पडले. ज्यांना जायचं होतं त्यांना मानाने, हत्यारांसह जाऊ दिलं, आणि राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळायची मुभा तहात होती.

आता हीच कथा एका वर्षाने पुढे न्या. २८ एप्रिल १७४० ला बाजीराव रावेरखेडीला वारले. १७ डिसेंबर १७४० ला चिमाजी अप्पाही गेले. विजयाचा शेवट करायचा असेल तर २३ मेला पडदा पाडा. विजयाची झळाळी किती टिकते हे दाखवायचं असेल तर १७४० च्या पावसाळ्यापर्यंत जा. आणि सगळ्यावरून काळाचा हात फिरवायचा असेल तर डिसेंबर १७७४ आहेच, इंग्रजांनी ठाणे घेतलं तो महिना. तेव्हा रोझा पन्नाशी ओलांडून गेलेली असेल. घटना त्याच, पण तारीख बदलली की कादंबरीचा रस बदलतो. म्हणून लिहायला बसण्याआधी तारीख ठरवा.

तारखांची एक जुनी भानगड आहे, तिच्यात पाय अडकवून घेऊ नका. पोर्तुगीज १५८२ पासून ग्रेगरीय दिनदर्शिका पाळत होते. इंग्रजांनी ती १७५२ मध्ये स्वीकारली. त्यामुळे मुंबईकर इंग्रजांच्या कागदातली ५ मे आणि पोर्तुगीजांची १६ मे हा एकच दिवस. मराठी कागदांत तिथी, शक आणि शुहूर सन ही अरबी नावांची जुनी कालगणना. तीन पुस्तकांतून तीन तारखा उचलल्या तर तुमच्या कथेत एकच वेढा दोनदा उठेल.

उलट, तिथी काढून बघितली तर ती लेखकाला भरपूर देते. १६ मे १७३९ चं गणित केलं तर वैशाखातला शुक्ल पक्ष निघतो, चंद्र अर्ध्याहून जरा मोठा. म्हणजे त्या रात्री कोणी लपतछपत खंदक ओलांडणार असेल तर चंद्र मावळेपर्यंत, मध्यरात्र उलटेपर्यंत, त्याला थांबावं लागेल. २३ मे पौर्णिमेच्या आसपास येते, म्हणजे उधाणाची भरती. आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमाराला लागते हे कुठल्याही कोळ्याला विचारा. मग गलबतं कधी हलतील? भर दुपारी, पाणी ओसरू लागताना, मे महिन्याच्या उन्हात. आता निरोपाचा प्रसंग आपोआप बदलला. संध्याकाळचं केशरी आकाश गेलं. त्या जागी तापलेली वाळू आली, डोळे बारीक करून बघावं लागणारं पाणी आलं, आणि ‘ओहोटी लागतेय, चला’ असं ओरडणारा तांडेल आला.

एक मोठं पथ्य: निकाल बदलू नका. कोट पडला, तो पडलाच पाहिजे. पर्यायी इतिहास हा वेगळा प्रकार आहे आणि तो पहिल्या पानापासून सांगावा लागतो. दोन खंड खऱ्या इतिहासाशी इमान राखून तिसऱ्यात पोर्तुगीजांना जिंकवलंत, तर वाचक पुस्तक भिंतीवर फेकेल, आणि त्याचं बरोबर असेल. तुमची जागा कागदपत्रांच्या फटीत आहे. एक सुरुंग उशिरा उडाला हे नोंदलेलं असतं. त्यातून एक बेलदार कसा वाचला हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं.

दंतकथांचंही असंच. “कोट पडत नसेल तर माझं मस्तक तोफेने आत टाका” असं चिमाजी अप्पा म्हणाल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती थेट प्रसंग म्हणून लिहिण्यापेक्षा छावणीत रात्री एक शिपाई दुसऱ्याला सांगतोय अशी लिहा. आख्यायिका तिच्या जन्माच्या जागी दिसते आणि तुमच्यावर खोटेपणाचा आळही येत नाही.

पायरी तिसरी: जादूचा हिशेब

इथे थोडं मागे, भरताच्या नाट्यशास्त्राकडे जाऊ. कथेच्या पाच संधींपैकी, म्हणजे टप्प्यांपैकी, शेवटची निर्वहण. आधी विखुरलेलं सगळं तिथे एकत्र यायचं. आणि निर्वहणात अद्भुत रस असावा असं भरत सांगतो. फँटसी लिहिणाऱ्याला याहून मोठं अभय कोणतं? शेवटी चमत्कार हवाच. अट एवढीच, की तो पेरलेल्या बीजातून उगवलेला हवा.

म्हणून तिसऱ्या खंडात नवी शक्ती आणायची नाही. नवा मंत्र नाही, अचानक सापडलेली दुसरी घंटा नाही, ‘तुझ्या रक्तातच ती शक्ती होती’ हे तर मुळीच नाही. जुन्याच नियमाचा वाचकाला न सुचलेला उपयोग चालतो. आपली घंटा आवाज पोचवते आणि आठवण घेते. शेवटी तिने एवढंच करावं, फक्त या वेळी जाणारी आठवण सगळ्यात महाग असावी.

मग एक चाचणी घ्या. शेवटच्या प्रसंगातून जादू काढून टाका. कोट तरीही पडतो का? पडला पाहिजे. आता परत घाला. काय बदललं? एका माणसाचा जीव आणि एका मुलीची आठवण. बस्स. जादूने लढाई जिंकली तर शिड्या लावणाऱ्या, मोर्च्यात मेलेल्या हजारो माणसांचं श्रेय तुम्ही घंटेला दिलंत. हा नुसता कथेचा दोष नाही, त्या माणसांचा अपमानही आहे.

जादू आज का नाही, याचंही उत्तर हवं, आणि वसईच्या बाबतीत ते इतिहासानेच देऊन ठेवलंय. विजयानंतर चर्चच्या घंटा उतरवून देवळांत टांगल्या गेल्या. वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर १७२१, भीमाशंकरच्या घंटेवर १७२९. मोठ्या आवाजाच्या माणसाला आपण ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतो ती हीच. तुमची घंटा यांपैकी कोणती हे मात्र लिहू नका. ‘घाट चढून गेली’ एवढं पुरे. वाचक स्वतः जाऊन हात लावून बघेल, आणि मनात एक नावही घेईल.

पायरी चौथी: प्रेमाचा निर्णय

तरुण वाचकाला शेवट गोड हवा असतो असा प्रकाशकांचा समज, तर एकाला मारल्याशिवाय पुस्तक गंभीर होत नाही असा बऱ्याच नव्या लेखकांचा. दोन्ही आळशीपणाचे. पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकाला फसवणूक चटकन कळते. त्याला हवा असतो निर्णय, आणि त्या निर्णयाची खरी किंमत.

किंमत खरी ठेवायची तर त्या काळाचे व्यवहार माहीत हवेत. ‘आणि त्यांचं लग्न झालं’ हे वाक्य १७३९ मध्ये लिहिता येतं का? लावणार कोण? नोंदणी विवाहाचा पहिला कायदा आपल्याकडे १८७२ चा. त्याआधी एकाने धर्म सोडल्याखेरीज ख्रिस्ती मुलगी आणि हिंदू मुलगा यांना विधीपूर्वक लग्न करायची वाटच नव्हती. रोझाने सोडला तर पोर्तुगीज मुलखात इन्क्विझिशनची, म्हणजे धर्म सोडणाऱ्यांना शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायसभेची भीती. १७३९ नंतर ती वसईत उरली नाही, पण गोव्यात १८१२ पर्यंत होती. म्हणजे रोझा पुढेमागे गोव्याच्या वाटेला लागली तर धोका, राहिली तर आपल्या माणसांपासून तुटलेली. म्हादूने सोडला तर त्याची जात, टोळी आणि पोटापाण्याचं काम, तिन्ही गेले. हे नीट मांडलंत की खलनायक नसला तरी प्रसंग धारदार होतो.

वयाचाही प्रश्न टाळू नका. त्या काळात एकोणीस वर्षांचा मुलगा बिनलग्नाचा कसा, हे वाचक विचारेल. लहानपणी लग्न झालं आणि बायको देवीच्या साथीत गेली, असं पहिल्या खंडात एका वाक्यात सांगून ठेवलं असेल तर काम झालं. नसेल तर तिसऱ्यात घाईने सांगू नका, ते ठिगळ दिसतं. त्याऐवजी त्या पोरीचं नाव म्हादूच्या तोंडी एकदाच, अवघड क्षणी येऊ द्या. त्या नावामागे काय आहे ते वाचक समजून घेतो.

त्रिकोण असेल तर तिसऱ्या माणसाचं काय करायचं? कोटातला पोर्तुगीज अधिकाऱ्याचा मुलगा रोझाच्या मागे असेल तर त्याला सोयीस्करपणे गोळी लागू देऊ नका. त्याला एक स्वतःचा निर्णय द्या आणि तो शेवटाच्या बराच आधी द्या. उपकथानक म्हणजे पताका, आणि ती गर्भ किंवा विमर्श, म्हणजे तिसऱ्या किंवा चौथ्या, संधीपर्यंत थांबावी असं नाट्यशास्त्रात आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर पुस्तकाचा सत्तर टक्के भाग संपेपर्यंत बाकीच्यांचे हिशेब मिटवा, म्हणजे शेवटच्या वळणावर रंगमंच मोकळा राहील.

आणि समोरची माणसं. वसई-साष्टीत आजही मोठा ख्रिस्ती समाज आहे. त्यांच्या घरात सामवेदी, वाडवळी, कोळी बोली आहेत आणि त्यांच्यात मराठीत लिहिणारे उत्तम लेखक आहेत. तुमची कादंबरी तेही वाचणार. ‘फिरंगी’ आणि ‘ख्रिस्ती’ यांत फरक न करणारी कादंबरी मला वाचवत नाही. कोटाच्या आत उपाशी बसलेली माणसंही याच मातीतली होती हे शेवटाच्या आनंदात दिसलं पाहिजे.

पायरी पाचवी: तिन्ही शेवट एका प्रसंगात

आता ही कृती कोणती? मी असं करीन. उशिरा उडालेला सुरुंग घ्यायचा. रोझा मनोऱ्यावर आहे. बत्ती विझलेली नाही हे तिला वरून दिसतं, खालच्या माणसांना दिसत नाही. सावध करायचं म्हणजे शत्रूच्या सुरुंगवाल्याला वाचवायचं, तेही आपल्या बापादेखत. आणि एक आठवण द्यायची.

पहिल्या खर्ड्यात हा प्रसंग बहुतेक जण असा लिहितात:

*रोझाने डोळे मिटले. घंटेतून निळा प्रकाश उसळला. आजवर कधीच न जाणवलेली एक शक्ती तिच्या नसानसांत भिनली. “म्हादू!” तिने टाहो फोडला. तिच्या प्रेमाची ताकद त्या दारूपेक्षा मोठी होती. क्षणात सगळं थांबलं. धूर विरला, आणि धुरातून तो तिच्याकडे चालत आला.*

यात नवी शक्ती आहे, किंमत नाही, आणि इतिहासातला स्फोटच गायब आहे. शिवाय ‘प्रेमाची ताकद’ हे लेखकाने सांगितलंय, दाखवलेलं नाही. हाच प्रसंग नियम पाळून:

*बुरुजाच्या पायथ्याशी दोन दगडांच्या फटीतून धूर निघत होता. बोटभर. खालून माणसं शिड्या घेऊन धावत येत होती.*

*बापाने दोराला हात लावला. “नाव घेऊ नकोस. आईचं नाव घेतलंस तेव्हा तुझं काय गेलं ते तुला आठवत नाही. मला आठवतं.”*

*तिने तळहात घंटेवर टेकवला. कासं उन्हाने तापलं होतं.*

*“म्हादू, बत्ती जिवंत आहे. डावीकडे खंदकात पड.”*

*एका माणसाने शिडी टाकली आणि तो डावीकडे वळला. बाकीचे थांबले नाहीत. मग आवाज झाला.*

*धूळ खाली बसेपर्यंत बाप काही बोलला नाही. मग त्याने मुद्दाम विचारलं, “कोण होता तो?”*

*“सुरुंगवाला. म्हादू नाव त्याचं.” ती थांबली. “मला त्याचं नाव कसं माहीत?”*

स्फोट होतो, माणसं मरतात, कोट पडायचा तेव्हा पडेलच. जादूने एकच जीव वाचवला आणि घ्यायची ती किंमत घेतली. प्रेमकथेचा पायाच गेला. वाचकाच्या पोटात खड्डा पडतो तो शेवटच्या वाक्याने, आणि त्यात एकही विशेषण नाही. असा प्रसंग लिहिताना वाक्यं आखूड ठेवा आणि भावनेचं नाव घेऊ नका. पात्राला काय दिसतंय, हाताला काय लागतंय, एवढंच लिहा.

पायरी सहावी: नंतरची पानं

एकट्या कादंबरीला कळसानंतर एखादं प्रकरण पुरतं. त्रयीला पुरत नाही. तीन खंड सोबत चालून आलेल्या वाचकाला उतरायला वेळ लागतो. कळस शेवटच्या पाचव्या भागाच्या सुरुवातीला आणा आणि उरलेली पानं निवांत वापरा. पण ती ‘सगळ्यांचं छान चाललंय’ अशी नकोत. त्यात अजून एक निर्णय शिल्लक हवा.

आपल्याकडे तो आहे. १६ मे ते २३ मे, मधला एक आठवडा. मुंबईकडे जाणाऱ्या गलबतावर बसायचं की राहायचं? म्हादू येतो आणि पहिल्या भेटीची गोष्ट सांगतो. इथे मोह असा, की त्याने सांगितलं आणि तिला एकदम आठवलं. तसं केलंत तर मघाची किंमत खोटी ठरते. तिला काहीही आठवणार नाही. ती फक्त एक प्रश्न विचारेल, आणि तो पहिल्या खंडातल्या रोझालाच शोभेल असा हवा. मी तिला विचारायला लावीन, “मी तेव्हा तुला काय खोटं सांगितलं होतं?” पहिल्या भेटीत ती आपलं नाव खोटं सांगून गेली होती, हे वाचकाला आठवतं. तिला आठवत नाही, पण स्वतःचा स्वभाव ठाऊक आहे. म्हादूने खरं उत्तर दिलं की आठवणीशिवायही तिला त्याच्यावर विश्वास ठेवायला कारण मिळतं. ती राहते की जाते, हे मी तुमच्यावर सोडतो. दोन्ही शेवट चालतील, फक्त निर्णय तिचा हवा आणि ओहोटी लागायच्या आत व्हायला हवा. बापाचा दोर कापायचाही हाच आठवडा.

उपसंहार हवाच असं नाही. घातलात तर बाळाला मेलेल्या पात्राचं नाव ठेवू नका, ते आता फार झालंय. १७७४ मध्ये ठाण्याकडून तोफांचे आवाज येताहेत आणि एक म्हातारी आपल्या नातीला खंदकाची डावी बाजू दाखवतेय, असं दोन पानी दृश्य मला जास्त आवडेल.

पायरी सातवी: वाचून घ्या, मग टीप लिहा

खर्डा तिघांना द्या. एक, ज्याने आधीचे दोन्ही खंड वाचलेत. दोन, त्या काळाचा इतिहास जाणणारा. तीन, सोळा-सतरा वर्षांचं कोणीतरी, आणि शक्यतो घरातलं नको, घरातली मुलं कौतुक करतात. ‘आवडलं का’ विचारू नका. कुठे पानं चाळली, कुठे थांबून मागे जावं लागलं, आणि पुस्तक मिटल्यावर कोणत्या पात्राचं काय झालं हा प्रश्न पडला, एवढंच विचारा. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं पहिल्या पायरीतल्या वहीशी ताडून पाहा. ‘सोडलं’ लिहिलेलं नाव तिघांपैकी दोघांनी घेतलं, तर ते फेडावं लागेल.

शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचा. मराठी संवाद डोळ्यांना बरे वाटतात आणि कानाला अनेकदा पुस्तकी लागतात. १७३९ चा बेलदार ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ म्हणणार नाही. तो म्हणेल, “खायचं काय केलंस दोन दिवस?”

आणि सगळ्यात शेवटी दीड-दोन पानांची टीप. मोहीम, वेढा, तह आणि घंटा खऱ्या, रोझा, म्हादू आणि घंटेचा गुण काल्पनिक, हे सरळ लिहा. तारखा कोणत्या दिनदर्शिकेच्या ते सांगा. कुठे घटना पुढेमागे केल्या असतील तर तेही. वसईचा कोट, सेंट सेबेस्टियन बुरुजाची जागा आणि मेणवलीचा घाट आजही बघता येतो, तेव्हा तिथे कसं जायचं याच्या दोन ओळी घातल्यात तर तरुण वाचक खरोखर जातात. ही टीप उपसंहाराला चिकटवू नका, मध्ये एक कोरं पान सोडा.